पानफुटीचे पान

स्मरणिकेसाठी काही लिहावे असे पत्र आले, तेव्हा आम्हा जुन्या खोलीसोबत्यांना प्रथम आठवली ती वसतिगृहाच्या खिडकीतील पानफुटी.

पाचवीच्या वर्षी आमच्यातील एक मुलगा गावाहून येताना आजीच्या अंगणातील पानफुटीचे रोप तेलाच्या रिकाम्या डब्यात घेऊन आला होता. घराची आठवण आली की तो डब्याजवळ जाऊन बसे. त्याचे दुःख हलके व्हावे म्हणून आम्ही रोपाला पाणी घालण्याच्या पाळ्या लावल्या. पाळी चुकू नये म्हणून कोणी दोनदाही घाली. डब्याच्या तळाला भोक नव्हते. आषाढाची झड लागली, माती सुकेना आणि एका सकाळी हात लावताच मऊ पडलेले खोड कोसळले. मित्र रडला नाही. दोन दिवस आमच्याशी बोलला नाही, एवढेच.

पानफुटीला पाण्यापेक्षा निचऱ्याची गरज अधिक, हे विज्ञानाच्या गुरुजींनी तेव्हा सांगितले. मूळची मादागास्कर बेटावरची ही वनस्पती जाड पानांत पाणी साठवते. दिवसा पर्णरंध्रे बहुतांशी मिटून ती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेते व आम्लाच्या रूपाने साठवून ठेवते. म्हणूनच तिचे पान पहाटे आंबट असते आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा ओसरतो. भारतात काम केलेल्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाचे हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने 1815 साली छापले होते.

गुरुजी बोलत असता आमच्यातील एकाची मान खाली गेली. रोप हिरवे असताना त्याने एक पान न विचारता तोडून भूगोलाच्या पुस्तकात दडवले होते. रोज सकाळी पंचशील म्हणणाऱ्या आम्हांस, न दिलेले घेणे म्हणजे काय, ते ठाऊक होते. रोप गेल्यावर तर सांगण्याचे धैर्यच उरले नव्हते. त्या रात्री त्याने ते पुस्तक मित्रापुढे उघडले. पानाच्या कडेच्या खाचांतून सात कोंब व केसासारखी मुळे फुटली होती. मित्र कितीतरी वेळ पाहत राहिला. मग त्याने इतकेच विचारले, "माती कुठली घ्यायची?"

या खेपेस तळाला भोके पाडलेल्या डब्यात निम्मी माती, निम्मी रेती भरली. पान पुरले नाही, नुसते आडवे टेकवले आणि ओल राहील एवढेच पाणी शिंपडले. कोंबांना पानांच्या दोन-दोन जोड्या आल्यावर ते अलग लावले. माती बोटभर खोल सुकल्याखेरीज पाणी घालायचे नाही, हा नियम भिंतीवर लिहिला. मित्राने एक रोप स्वतःस ठेवले व उरलेली सहा खोलीतील आम्हा सहा जणांना वाटली. पहिले दिले ते पान तोडणाऱ्याला.

आज आमची घरे निरनिराळ्या गावी आहेत. खिडक्यांत त्याच रोपाचा वंश नांदतो आहे. उजेड भरपूर असावा आणि गुरे-शेळ्या तोंड लावणार नाहीत अशी जागा असावी, कारण ही पाने त्यांना विषारी ठरतात. याहून अधिक तिचे मागणे नाही. यंदाच्या मेळाव्यास येताना आम्ही प्रत्येकी काही पाने आणणार आहोत. ज्यांना हवी असतील त्यांनी मागून घ्यावीत.