वारा पडला, की चेंबूर

मुंबईत चार दिवसांसाठी आलेला पाहुणा गेटवे पाहतो, राणीचा बाग पाहतो, सिद्धिविनायकाचं दर्शन घेतो. चेंबूर पाहायला म्हणून कुणी जात नाही. पण माझ्या थोरल्या नणंदेचं बिऱ्हाड तिथं, त्यामुळे नाताळच्या सुट्टीत आमची साताऱ्याची वरात दरवर्षी एस.टी.नं मैत्री पार्कला उतरते.

तसं गाव मोठं देखणं! डायमंड गार्डनच्या बाजूला जुनी झाडं, तमिळ बायकांनी दारात रेखलेल्या पहाटेच्या रांगोळ्या, कॅम्पात फाळणीनंतर वसलेल्या सिंध्यांची दाल-पकवानं. पण दक्षिणेला जरा पुढे गेलं, की माहुल. तिथं १९५४-५५ च्या सुमारास तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, साठच्या दशकात शेजारी खताचा कारखाना उभा राहिला. पूर्वेला देवनारची कचराभूमी, तीही १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिथं आग लागली, तेव्हा धुराचा लोट उपग्रहाच्या छायाचित्रातसुद्धा दिसला आणि परिसरातल्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. चेंबूरला 'गॅस चेंबर' हे नाव उगीच पडलं नाही.

मात्र माझं लक्ष वेधलं ते निराळ्याच गोष्टीनं. कारखाने बारा महिने तेच, रस्त्यावरच्या गाड्याही त्याच. मग पावसाळ्यात जी हवा गोड लागते, तीच मार्गशीर्ष-पौषात घशाला का खवखवते?

मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे, हे वाक्य मुलांकडून किती वेळा घोकून घेतलं असेल! पण त्याचा खरा अर्थ मला वन्संच्या गच्चीवर कळला. सकाळी आठला समोरच्या इमारती जणू दुधाळ काचेमागे उभ्या होत्या आणि दोरीवरचा एकही कपडा हलत नव्हता. दुपारी समुद्रावरून वारा सुटला, साड्या फडफडू लागल्या आणि तासाभरात आभाळ निवळलं.

कारण अगदी आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वर उबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखंच! खालचा धूर नि धूळ वर जायची वाट बंद. ऊन चढलं की झाकण उचललं जातं, वारा आला की पातेलं रिकामं होतं. वारा उशिरा आला किंवा आलाच नाही, तर सगळं आपल्या छातीत. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तसंच झालं. प्रशांत महासागरातला 'ला निना' सलग तिसऱ्या वर्षी टिकला, इकडे मुंबईचे वारे मंदावले, आणि शास्त्रज्ञांनी या दोन गोष्टींचा संबंध दाखवला. काही दिवस तर मुंबईची हवा दिल्लीहूनही वाईट होती.

वन्संचा धाकटा आठ वर्षांचा आहे. दिवाळी सरली की त्याची छाती वाजू लागते. गेल्या वर्षी तर घर विकून लांब जावं का, इथपर्यंत बोलणं आलं. पण सासऱ्यांचं वय झालेलं, कर्जाचे हप्ते चालू. मग वन्संनी एक केलं. दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवर त्याच्या खोकल्याच्या रात्री आणि दिवसाचा वारा, दोन्हींची खूण करू लागल्या. महिन्याभरानं पाहिलं, तर बहुतेक वाईट रात्री वारा पडलेल्या दिवसांच्या! ते कॅलेंडर पाहून डॉक्टरांनी रोजचा प्रतिबंधक पंप दसऱ्यापासूनच चालू केला. यंदाचा मोसम पुष्कळच बरा गेला.

हे नुसत्या लहान मुलांचं दुखणं नाही. हवेतले सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक असतात. ते फुप्फुसात खोल उतरतात, रक्तातही मिसळतात आणि हृदयाला अपाय करतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत यांनी सत्तरच्या दशकातच शहराच्या निरनिराळ्या भागांतली माणसं तपासली होती. जिथं हवा दूषित, तिथं खोकला आणि धाप अधिक, असंच त्यांना आढळलं.

तेव्हा मैत्रिणींनो, थंडीत पहाटेच्या फिरण्याचा हट्ट सोडा. ऊन चांगलं चढल्यावर किंवा दुपारचा वारा सुटल्यावर जा. खिडक्याही तेव्हाच उघडा. कोरड्या झाडूपेक्षा ओलं फडकं बरं. डासांची कॉइल नि उदबत्ती बंद खोलीत नको. बाहेर पडताना रुमालानं भागत नाही, एन-९५ मास्क लागतो. मोबाइलवरच्या 'समीर' अॅपमध्ये हवेचा निर्देशांक दिसतो. २०० च्या वर गेला की मुलांना मैदानावर धाडू नका. दम्याचं औषध आपल्या मनानं मात्र कधीच बंद करू नका.

पण हे सगळं ज्यांना खिडकी लावून घेता येते, त्यांच्यासाठी. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या कुटुंबांना माहुलच्या इमारतींत पाठवलं, तेव्हा बायकांनी रस्त्यावर बसून आंदोलन केलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं, की लोकांना तिथं राहायची सक्ती करता येणार नाही. त्या बायका आपल्यासारख्याच, पदराला मुलं असलेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेनं बांधकामांभोवती उंच पत्रे, हिरवं कापड आणि पाण्याचा शिडकावा हे नियम घातले, ते पाळले जातात का, हे गल्लीतल्या महिला मंडळालाही पाहता येईल. सोसायटीच्या आवारात पालापाचोळा पेटवणाऱ्याला थांबवता येईल. वारा कधी सुटावा हे आपल्या हाती नाही, पण वाऱ्यावर काय सोडायचं, ते आहे.