हलतंय काय?

तरंगांचं भौतिकशास्त्र शिकवताना दरवर्षी कुणा ना कुणाच्या वहीत ‘लायगो वेधशाळा ग्रॅव्हिटी वेव्ह शोधते’ असं वाक्य सापडतंच. मी ‘ग्रॅव्हिटी’ खोडून ‘ग्रॅव्हिटेशनल’ लिहितो. या दोन शब्दांमागे दोन वेगळ्या लहरी आहेत आणि त्या समजून घ्यायला हिंगोली जिल्ह्यातला औंढा नागनाथ तालुका पुरतो.

आधी सिद्धेश्वर धरणाच्या काठावर उभे राहा. वाऱ्यानं पाणी उचललं की गुरुत्वाकर्षण ते खाली ओढतं. खाली येणारं पाणी मूळ पातळीवर थांबत नाही. आणखी खाली जातं, शेजारचं पाणी वर ढकलतं आणि लाट पुढं सरकते. ही ‘ग्रॅव्हिटी वेव्ह’. हलतं ते पाणी, त्याला जागेवर आणू पाहतं ते गुरुत्वाकर्षण. डोंगरावरून वाहणाऱ्या हवेतही अशा लहरी उठतात. त्सुनामी याच कुळातली. ४ किलोमीटर खोल समुद्रात ती ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगानं धावते.

आता त्याच तालुक्यातल्या दुधाळ्याकडे या. इथल्या लायगो-इंडिया प्रकल्पासाठी केंद्र सरकारनं २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन भुजा असलेली ही वेधशाळा ज्या लहरी टिपणार आहे, त्यांना ना पाणी लागतं ना हवा. गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता, असं आइन्स्टाइननं सांगितलं. ती वक्रताच थरथरली की प्रकाशाच्या वेगानं निघते ती ‘ग्रॅव्हिटेशनल वेव्ह’.

आइन्स्टाइननं १९१६ साली वर्तवलेली ही लहर अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांना पहिल्यांदा सापडली १४ सप्टेंबर २०१५ रोजी. ती निघाली होती दोन कृष्णविवरांच्या टकरीतून. एक ३६ सूर्यांच्या वस्तुमानाचं, दुसरं २९ सूर्यांच्या. एकत्र झाल्यावर उरले ६२. तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या रूपानं निघून गेलं. तरीही पृथ्वीवर पोचेपर्यंत भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. असा संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या पद्धती पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी वर्षं आधीपासून घडवल्या होत्या, याचा मला अभिमान वाटतो.

हिंगोलीकरांना तिसरी लहरही ठाऊक आहे. २०२४ मध्ये भूकंपाच्या धक्क्यांनी त्यांच्या घरांतली भांडी वाजली. त्या लहरीत खडक हलतो आणि खडकाचीच लवचिकता त्याला परत आणते. वेधशाळेच्या भुजांमधले आरसे लंबकांसारखे टांगतात, ते जमिनीची थरथर त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून.

मराठीत ‘गुरुत्वीय लहरी’ हा शब्द आता रुळला आहे. तो अवकाश-काळाच्या लहरींसाठीच राखून ठेवू आणि पाण्या-हवेतल्या लहरींना ‘गुरुत्व-लहरी’ म्हणू. एका ‘ईय’ प्रत्ययावर एवढा भार पडतो खरा, म्हणून मुलांना शब्दांच्या आधी दोन प्रश्न द्यावेत: हलतंय काय? आणि त्याला परत आणतंय कोण? धरणाकाठी पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘पाणी’ आणि दुसऱ्याचं ‘गुरुत्वाकर्षण’. दुधाळ्यात मात्र पहिल्याच प्रश्नाला उत्तर येतं: खुद्द गुरुत्वाकर्षण.