स्टुटगार्टमधली नानकटाई

परदेशात राहायला आलेल्या माणसाला आधी भाषा नडते, मग थंडी नडते. ही दोन्ही दुखणी सवयीनं बरी होतात. जिभेचं दुखणं मात्र उशिरा सुरू होतं आणि वयाबरोबर वाढत जातं. मला जर्मनीत येऊन बारा वर्षं झाली. बर्फ, कचऱ्याचे वेगवेगळे डबे, रविवारी बंद असणारी दुकानं, सगळं अंगवळणी पडलं. पण रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की मला भाजलेल्या मैद्याचा आणि वेलदोड्याचा वास हवा असतो, आणि तो इथल्या कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मी मूळचा कराडचा. घरात दखनी, शाळेत आणि गल्लीत मराठी. ईदला शिरखुर्मा होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण आमच्या गल्लीत नानकटाईचा मानही तेवढाच होता. गंमत अशी की ही आमची घरची नानकटाई पूर्णपणे घरात कधी बनलीच नाही. निम्मी घरात व्हायची, निम्मी भट्टीवर.

तरुण वाचकांसाठी थोडं सांगतो. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा लोक मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचे. काही जण नुसतं सामान द्यायचे, तिथला कारागीर मळून द्यायचा. आमची अम्मा घरीच पीठ मळायची आणि परातीवर ओलं फडकं टाकून ती माझ्या डोक्यावर द्यायची. भट्टी विटांची. आत लाकडं जाळून ती तापवायची, निखारे बाहेर ओढायचे आणि उरलेल्या धगीवर आधी पाव, मग खारी-बटर. नानकटाईचा नंबर सगळ्यात शेवटी, धग मवाळ झाल्यावर. त्यामुळे आमची वेळ यायची मध्यरात्रीनंतर. तरावीह संपवून आम्ही पोरं भट्टीवर जायचो, गोळे वळून पत्र्यांवर मांडायचो आणि सहरीच्या आधी भरलेले डबे घेऊन घरी यायचो.

भट्टीवाले चाचा चिमूटभर पीठ आत टाकून त्याचा रंग बघायचे. रंग पटला की लांब दांड्याच्या फळीनं पत्रे आत सरकवायचे. माझं अक्षर बरं होतं म्हणून डब्यांच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं होतं. जोशी, मुल्ला, पाटील, तांबोळी, शिंदे. 2004, 2005 आणि 2006 अशी सलग तीन वर्षं दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली होती. त्या तीन वर्षांत भट्टीवर दोन सणांची रांग एकच होती. कुणाचा डबा कुणाच्या घरी गेला, कुणाची बेसनाची नानकटाई कुणी खाल्ली, याची भांडणं ईद आणि भाऊबीज उलटून गेल्यावरही चालायची.

म्हणजे पीठ अम्माला ठाऊक होतं आणि भट्टी मला. पूर्ण नानकटाई कुणा एकाला येत होती असं नाही. हे माझ्या लक्षात यायला स्टुटगार्टला यावं लागलं.

इथं भाड्याचं घर घेतलं की स्वयंपाकघर बऱ्याचदा रिकामं मिळतं. चार भिंती आणि पाण्याचे नळ. ओटा, शेगडी, ओव्हन ज्याचं त्यानं आणायचं. मी सगळं जुनं, कुणीतरी वापरलेलं विकत घेतलं. त्यात एक ओव्हन आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरात भट्टी होती, आणि पीठ मळणारी अम्मा साडेसहा हजार किलोमीटरवर.

मग सुरू झाला तुपाचा शोध. जर्मन दुकानात ‘श्माल्त्स’ असं लिहिलेले डबे असतात. नुसतं श्माल्त्स म्हणजे बहुतेक वेळा डुकराची चरबी. त्याच्याच जवळपास ‘बुटरश्माल्त्स’ असतं, ते म्हणजे कढवलेलं लोणी, आपलं तूप. एका शब्दाच्या फरकानं हराम आणि हलाल शेजारी शेजारी बसलेले. नव्यानं आलेल्या प्रत्येक मुसलमान विद्यार्थ्याला मी पहिल्या आठवड्यात हे दोन डबे दाखवतो. दुकानातलं लोणी नानकटाईला चालत नाही. त्यात साधारण 16 टक्के पाणी असतं, त्यानं नानकटाई पसरते आणि तिची बिस्किटं होतात. तूप हवं, तेही थिजलेलं.

मैद्याचंही तसंच. इथं पिठाला नंबर असतात, 405, 550, 1050. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते, त्यावरून हा नंबर. नंबर जितका लहान तितकं पीठ पांढरं. नानकटाईला 405.

एवढं सगळं जमूनही वास येत नव्हता. नानकटाई चवीला चांगली, दिसायला चांगली, पण भट्टीची नाही. त्याचं उत्तर वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजींकडं सापडलं. या भागात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी भाडेकरूंमध्ये आठवड्यानं फिरते, त्या पाळीमुळं आमची ओळख. डिसेंबरात त्या नाताळची ‘श्प्रिंगरले’ नावाची नक्षीची बिस्किटं करत होत्या. मी चावी द्यायला वर गेलो आणि दारातच थबकलो. नाकाला झोंबणारा एक वास आला. माझ्या पायाखाली क्षणभर कराडची भट्टी होती.

मी विचारलं तेव्हा त्यांनी एक छोटी पुडी दाखवली. ‘हिर्शहॉर्नझाल्त्स’. शब्दशः हरणाच्या शिंगाचं मीठ. पूर्वी खरोखर शिंगांपासून काढायचे, म्हणून हे नाव. आता ते कारखान्यात रसायनांपासून तयार होतं. आपल्याकडचे बेकरीवाले त्याला सरळ अमोनिया म्हणतात. उष्णता लागली की त्याचा वायू होतो, पीठ फुगतं, खुसखुशीत होतं आणि वायू उडून जातो. म्हणून ते पातळ, कोरड्या पदार्थांतच घालतात. जाड केकमध्ये घातलं तर वास आतच अडकतो. भाजताना ओव्हन उघडला की डोळ्यांत पाणी येतं. मी ज्याला बालपणाचा सुगंध समजत होतो, तो अमोनिया होता. आजींनी अर्धी पुडी मला दिली.

आता खरं सांगायचं ते सांगतो.

परदेशात माझा बराच वेळ मी कोण आहे हे समजावून सांगण्यात जातो. ऑफिसात कुणी विचारतं, भारतीय म्हणजे शाकाहारी ना? मग मी सांगतो. स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरं आहेत, त्यामुळं मुंबई इथं लोकांना माहीत असते. मी मुंबईजवळचा म्हणतो आणि तीनशे किलोमीटर गिळून टाकतो. मशिदीत तुर्की भाऊ प्रेमानं विचारतात, पाकिस्तानी? नाही, भारतीय. मग उर्दू बोलत असाल? नाही, दखनी आणि मराठी. मराठी म्हणजे काय, हे सांगेपर्यंत बूट घालून होतात. आणि मराठी मंडळींत गेलं की कुणीतरी मनापासून म्हणतं, “तुमचं मराठी किती छान आहे हो!” वाईट हेतू अजिबात नसतो. पण हे कौतुक पाहुण्याचं असतं. घरच्या माणसाला कुणी तुझं बोलणं छान आहे म्हणत नाही.

तिन्ही ठिकाणी मी हसून उत्तर देतो. बारा वर्षं देतोय. थकवा येतो तो कामाचा नसतो, या उत्तरांचा असतो. अशा दिवशी घरी येऊन मी ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी खातो. ताटाला मला काही समजावून सांगावं लागत नाही. घरचं खाणं म्हणजे काय, याची माझी व्याख्या एवढीच आहे. जे खाताना आपण कोण ते सांगावं लागत नाही, ते घरचं.

2025 साली एक मजेशीर योग आला. इथं ईद रविवारी, 30 मार्चला होती. कराडला दुसऱ्या दिवशी, सोमवारी. त्याच 30 तारखेला गुढीपाडवा होता आणि त्याच पहाटे युरोपातली घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढं गेली. म्हणजे आमची ईदची झोप एक तासानं कमी झाली. सकाळी तुर्की मशिदीत नमाज, घरी शिरखुर्मा, आणि दुपारी इथल्या काही मराठी कुटुंबांचा पाडव्याचा कार्यक्रम. रविवार म्हणजे दुकानं बंद, ऐन वेळी विकत काही मिळणार नाही. मी आदल्या रात्री भाजलेल्या नानकटाईचा पत्र्याचा डबा घेतला आणि आम्ही निघालो.

श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी यांच्या शेजारी मी डबा उघडून ठेवला. बार्शीच्या एक ताई होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी एक नानकटाई उचलली, आणि खायच्या आधी नाकाशी नेली.

“दादा, ही भट्टीची आहे. खरं सांगा, गावाकडून आली ना?”

“नाही हो ताई, काल रात्री घरीच केली.”

“मग हा वास कुठून आणला?”

मी पुडीची गोष्ट सांगितली. तोवर त्यांनी नवऱ्याला हाक मारली होती. मग साताऱ्याचे एक जण आले, मग नगरच्या दोघी. बार्शीच्या भट्टीवर दिवाळीत ताईंचे वडील रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नंबर लावून बसायचे. नगरच्या ताईंकडं चारोळी लावायचे. साताऱ्याचे म्हणाले, खरी नानकटाई डालड्याची, तुपाची म्हणजे श्रीमंतांचे चोचले. ताई म्हणाल्या, आमच्या चाचांनी एकदा आमचा डबा दुसऱ्यालाच दिला, आई आठ दिवस बोलली नाही त्यांच्याशी. मी म्हणालो, चिठ्ठ्या लिहिणारा पोरगा धांदरट असणार. सगळे हसले.

अर्धा तास आम्ही भांडत होतो. बेसन घालायचं की नाही, जायफळ किती, मजुरी किलोला किती होती. त्या अर्ध्या तासात माझ्या मराठीचं कुणीही कौतुक केलं नाही. मला किती बरं वाटलं ते मी इथं लिहितोय, त्यांना बोललो नाही.

याचा अर्थ एका डब्यानं जग सुधारलं असं मी म्हणत नाही. गावाकडून फोनवर येणाऱ्या बातम्या मीही वाचतो. भट्टीच्या रांगेत शेजारी उभे असलेले लोक बाहेर कसे वागतात, हेही मला ठाऊक आहे. पण ती रांग होती, ती मी पाहिलेली आहे, आणि माझ्याशिवाय ती आठवणारी माणसं आहेत, हे त्या दिवशी कळलं. एवढ्यावर माझे बरेच दिवस निघतात.

माझी मुलगी इथंच जन्मली. ताप आला की ती खिचडी मागत नाही, ‘ग्रीसब्राय’ मागते. म्हणजे दुधात शिजवलेला रवा. मी तिला सांगतो की ही रव्याची खीरच आहे. ती म्हणते, नाही, ग्रीसब्राय आहे. मी वाद घालत नाही. तिच्या जिभेचं घर तिनं बांधायचं आहे. पण नानकटाईचे गोळे वळायला ती ओट्याशी स्टूल घेऊन येते, आणि डब्यांच्या चिठ्ठ्या आता ती लिहिते. अक्षरं रोमन आहेत, पण चिठ्ठी आहे.

प्रमाण विचाराल म्हणून लिहून ठेवतो. मैदा 250 ग्रॅम, थिजलेलं तूप 150, पिठीसाखर 125, दोन चमचे बेसन, एक चमचा रवा, वेलदोडा, थोडं जायफळ, चिमूटभर मीठ आणि पाव चहाचा चमचा अमोनिया. अमोनिया नसेल तर बेकिंग पावडर, चव येईल, वास येणार नाही. आधी तूप-साखर फेसायची, मग पीठ. कच्चं पीठ चाखू नका. 160 अंशांवर, वरून-खालून उष्णता देणाऱ्या बटणावर, अठरा ते वीस मिनिटं. पंख्याचं बटण नको. बाहेर काढल्यावर मऊ लागते, हात लावू नका, गार झाल्यावर धरते. पीठ किती मळायचं, याला अम्माचं एकच माप आहे: “मुठ्ठी में पकड्या तो गोळा होना, दबाया तो टूटना.”

अम्माचे गुडघे आता तिला जमिनीवर बसू देत नाहीत. आमची ती भट्टी बंद झाली, गल्ली आता पुठ्ठ्याच्या खोक्यातली विकत आणते. त्या ईदच्या रात्री मी तिला फोनवर नानकटाई दाखवली, रंग दाखवला, तडे दाखवले. तिनं चष्मा लावून पाहिलं. कशी झाली, हे तिनं विचारलंच नाही.

“कितने घरां में दिया?”

मी बोटं मोजली. वरच्या आजी, मशिदीतला तुर्की शेजारी, बार्शीच्या ताई, साताऱ्याचे, नगरच्या दोघी, आणि मुलीची वर्गमैत्रीण. “सात.”

“तो फिर अच्छीच बनी होएंगी,” ती म्हणाली, आणि शिरखुर्म्याकडं वळली.