ओरखडे शीटवर आहेत, फोटोवर नाहीत

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत जुन्या फोटोंना काच नाही, अ‍ॅक्रिलिकची शीट आहे. "प्लास्टिकवर ओरखडे पडतात, काचच लावा," असं काही मित्र दर बैठकीत सुनावतात. मला ते पटत नाही. तेवढ्याच जाडीच्या काचेपेक्षा अ‍ॅक्रिलिकचं वजन निम्म्याहून कमी. शिवाय फ्रेम पडली तर खाली बसलेल्या पोरांच्या अंगावर काचा उडत नाहीत.

आणि ओरखडे पाडतं कोण? आपणच! जयंती जवळ आली की कोरडं फडकं, नाहीतर वर्तमानपत्राचा बोळा घेऊन घासाघीस सुरू. अ‍ॅक्रिलिक मऊ असतं. कोरडं घासलं की स्थिर विजेने धूळ उलट जास्त चिकटते आणि तीच पुढच्या वेळी पॉलिश पेपरसारखी फिरते. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे तर नकोच, त्याने बारीक तडे जातात. सौम्य साबणाच्या पाण्यात मऊ सुती फडकं बुडवून पिळा आणि हलक्या हाताने पुसा.

बारीक ओरखडे प्लास्टिकच्या पॉलिशने जातात. पण शीट फ्रेममधून काढूनच पॉलिश करा, कडेने आत झिरपलं तर फोटो गेला. चकाकी रोखणारा थर असेल तर पॉलिश लावूच नका. नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर सरळ शीट बदला.

वस्तीतल्या बायांच्या मोर्चाच्या फोटोची शीट मी अशीच बदलून घेतली. त्याची निगेटिव्ह कुणाकडेच नाही, त्यातल्या चौघीही आता नाहीत. दमट हवेत फोटो शीटला चिकटू नये म्हणून मध्ये माउंटही घातला.