उंच कोण?

मांगीतुंगीला जाताना आमच्या इस्लापूरच्या गाडीत वाद रंगला : राज्यात सर्वांत उंच साल्हेर की कळसूबाई? शिखर म्हणून कळसूबाई, १६४६ मीटर. साल्हेर १५६७ मीटर, पण किल्ल्यांमध्ये तोच सर्वांत उंच. दोन्ही बाजू आपापल्या अपेक्षेने खऱ्या. हाच आपला अनेकांतवाद! मांगी ४३४३ फूट, तुंगी ४३६६. फरक अवघा २३ फुटांचा.

गुडघ्यांमुळे जाऊबाई पायथ्याच्या मंदिरातच जप करत बसल्या. परतताना कुणीतरी म्हणालं, "तुमची यात्रा अर्धीच!" त्यांचे डोळे भरले. मी कॉमर्सची, हिशेब मलाही आवडतो. पण डोंगर समुद्रसपाटीपासून मोजतात. भक्तीला तशी सपाटी कुठली? वर चढून मान कषाय वाढला, तर दशलक्षणातला उत्तम मार्दव धर्म कुठे उरला? जाऊबाईंची यात्रा मी पूर्णच धरते.