विमोवे, मुक्काम पोस्ट जोहान्सबर्ग

या स्वारीला तुम्ही कुठे ना कुठे भेटला आहात, नाव विचारायचं तेवढं राहून गेलं असेल. चार जणांनी खाली एकाच शब्दाचा घोष धरलाय आणि वर कुणीतरी एकटाच उंच पट्टीत लांबलचक हेल काढतोय, असं कानावर आलं की समजा, तीच.

नाव सांगण्यात मात्र पक्की थापाडी. खरं नाव ‘म्बुबे’, झुलू भाषेत सिंह. जन्म १९३९चा, जोहान्सबर्गच्या गॅलो रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओतला. बाप सॉलोमन लिंडा, झुलू मुलखातल्या मसिंगाहून पोटासाठी शहरात आलेला. ‘इव्हनिंग बर्ड्‌स’ हा त्याचा गायकांचा ताफा. सूटबूट चढवून ऐटीत उभा राहणारा. पोरवयात वासरांवर टपलेल्या सिंहांना हुसकावलं होतं, त्या आठवणीवरचं हे गाणं, असं सांगतात. दोन टेक झाले. तिसऱ्याला, गाणं संपत आलेलं असताना, लिंडाच्या गळ्यातून एकदम पंधराएक सुरांची एक लकेर निसटली. ठरवलेली नाही, लिहिलेली तर नाहीच. रेकॉर्ड लावून बघा. लकेर येते न येते तोच गाणं आटोपतं, आणि आपण सुई पुन्हा मागे नेतो. पुढे जगभर गाजली ती ही एवढी शेपटीच.

घरच्या मुलखात स्वारीचा तोरा काही कमी नव्हता. दहा वर्षांत लाखभर रेकॉर्डी खपल्या आणि त्या धाटणीच्या गायकीलाच लोक ‘म्बुबे’ म्हणू लागले. एवढ्यावर समाधान मानणाऱ्यातली ती नव्हे. ती अमेरिकेला गेली.

तिथे लोकगायक पीट सीगरने रेकॉर्ड ऐकून शब्द उतरवून घेतले. गाण्यातलं ‘उयिम्बुबे’ म्हणजे ‘तू सिंह आहेस’. सीगरच्या कानाला ते ‘विमोवे’ लागलं. १९५२ साली त्याच्या ‘वीव्हर्स’ मंडळींनी ती बँडबाजासकट बाजारात उभी केली, जगातल्या कुठल्याही भाषेत अर्थ नसलेलं नाव लावून. स्वारीने हूं की चूं केलं नाही. उलट तेच नाव मिरवलं. बापाच्या रकान्यात नाव पडलं पॉल कॅम्पबेल. हा कॅम्पबेल कोण? कुणीच नाही. लोकगीतांवर हक्क नोंदवायला वीव्हर्सवाले वापरत ते टोपणनाव. बाप जोहान्सबर्गात हयात असताना पोर परदेशात काल्पनिक माणसाच्या नावावर. १९६०मध्ये गायिका मिरियम मकेबाने तिला अमेरिकेतच खऱ्या नावाने हाक मारली; तिने ओ दिली आणि लगेच विसरली.

१९६१ साली ब्रुकलिनच्या ‘टोकन्स’ या गायकांच्या ताफ्याकडे आली तेव्हा गीतकार जॉर्ज वाइस यांनी तिला इंग्रजी शब्दांचे नवे कपडे शिवून दिले. जंगल आलं, गाव आलं, सिंह झोपी गेला. (सिंह गवताळ माळरानातला प्राणी. गीरचे आपले शेजारी सोडले, तर दाट झाडीत तो काय करणार? पण चालीपुढे भूगोल कोण विचारतो!) तबकडीवर तिला मागची बाजू दिली होती. पुढच्या बाजूला ‘टीना’ नावाचं गाणं. काही आठवड्यांत टीनाला कुणी ओळखेना आणि मागच्या दाराने आलेली ही अमेरिकेच्या यादीत पहिली.

मग काय, ज्याच्या घरी जाईल तिथलं पाणी. फ्रान्समध्ये गायक आँरी साल्वादोरच्या तोंडी सिंह झोपला नाही, चक्क मेला. १९७५मध्ये ब्रायन ईनोसारख्या गंभीर संगीतकाराने तिला घरात घेतलं, १९८२मध्ये ‘टाइट फिट’ या बँडने ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवलं. सगळ्यांनी कपडे बदलले, शेपटीला कुणी हात लावला नाही.

एकच खोड वाईट: गावी मनिऑर्डर करायची नाही. सगळे हक्क दहा शिलिंगांना गेले होते. लिंडा गॅलोच्याच गोदामात रेकॉर्डी बांधायचं काम करायचा. सीगरने एकदा हजार डॉलरचा चेक धाडला, पण एवढ्याने काय होणार? १९६२मध्ये, टोकन्सची तबकडी अजून वाजत असताना, लिंडा मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. थडग्यावर दगड बसायला अठरा वर्षं लागली.

फजितीही व्हायची ती झालीच. डिस्नीच्या १९९४मधल्या ‘लायन किंग’ सिनेमात टिमॉन आणि पुंबा मजेत तिला आळवत चालले असतात आणि सिंहीण धावून येते. सिंह झोपलाय असं तीस-पस्तीस वर्षं सांगत फिरलेलीच्या तोंडावर!

त्याच सिनेमाने तिला कोर्टाची पायरीही दाखवली. ब्रिटिश साम्राज्याचा १९११चा कॉपीराइट कायदा वकिलांनी धूळ झटकून बाहेर काढला: निर्माता गेल्यावर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परत. म्हणजे १९८७पासून ती लिंडाच्या मुलींची. २००४मध्ये डिस्नीवर दावा, २००६मध्ये तडजोड. रक्कम गुलदस्त्यात, रकान्यात मात्र अखेर सॉलोमन लिंडा.

आता कागदपत्रं सगळी चोख आहेत. नाव विचारा, अजून विमोवेच सांगेल.