न जुळलेली तेरीज

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत संध्याकाळ मोठी असते. अकोला-पूर्णा लोहमार्गावरील जऊळका येथे धान्याचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबात ही मोठी संध्याकाळ वर्षानुवर्षे एकाच खोलीत सरत आली आहे. दुकानाचा रोजमेळ लिहून आबाजी घरात येत, आजी खिडकीजवळच्या आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसत आणि मुलगा, सून, नातवंडे टीव्हीसमोर जमत. प्रवचन असो की मालिका, तिच्या निमित्ताने दिवसभराच्या गोष्टी निघत. त्या घराचे खरे बोलणे त्या दोन तासांतच होई.

दिवाळीला पुण्याहून आलेल्या नातवाने सोबत होम थिएटर आणले. एक रिसीव्हर, पाच स्पीकर आणि खालच्या पट्टीतील गडगडाटासाठी एक मोठा खोका, म्हणजेच वूफर. या पाच अधिक एकाच्या मांडणीलाच ५.१ म्हणतात. "शेटजींकडे डॉल्बी आला," ही वार्ता गल्लीत पसरली आणि शेजारच्या काकूंनी काळजीने विचारले, "आता रात्री झोपायचे कसे?" काकूंचे चुकले नव्हते. महाराष्ट्रात डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतील काचा हादरवणारी भिंत. ज्यांचे हे नाव, त्या रे डॉल्बी यांचे काम मात्र अगदी उलट होते. १९६३ ते १९६५ या काळात ते संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते आणि १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये आपली संस्था स्थापन केली. ध्वनिफितीतील नकोशी खरखर कमी करणे, हा त्यांचा मोठा शोध. गोंगाट घटवणाऱ्या माणसाचे नाव आपण गोंगाटालाच देऊन टाकले.

पहिल्या संध्याकाळी गोंगाट सोडाच, साधा आवाजही आला नाही. चित्र लख्ख, स्पीकर मुके. नातवाने सर्व वायरी उपसल्या, पुन्हा खोचल्या, पुन्हा उपसल्या. आबाजी बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बाळा, तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सगळी वही फाडून नव्याने लिहीत नाही. एका वेळी एकच नोंद तपास. ती बरोबर निघाली की खूण कर आणि पुढे जा."

मग आवाजाचा मार्ग क्रमाने तपासला गेला. तो टीव्हीतून निघतो, वायरीतून रिसीव्हरमध्ये येतो आणि तेथून स्पीकरकडे जातो. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या तीन खाचा होत्या, पण 'एआरसी' ही अक्षरे एकीवरच होती. २००९ मध्ये एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीबरोबर ही सोय आली. जी वायर चित्र टीव्हीकडे नेते, तीच टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे आणते, मात्र ती त्याच खुणेच्या खाचेत असावी लागते. येथे ती शेजारच्या खाचेत होती. ती बदलली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज स्वतःच्या स्पीकरऐवजी बाहेरच्या यंत्राकडे वळवला, एचडीएमआयचे नियंत्रण सुरू केले आणि खोली आवाजाने भरली.

दुसऱ्या संध्याकाळी आवाज वाढवताच 'टक्' असा बारीक आवाज करून रिसीव्हर बंद पडला. पडद्यावर 'प्रोटेक्ट' हा शब्द उमटला. यंत्र बिघडले असे सर्वांना वाटले, पण त्याने केवळ स्वतःचे रक्षण केले होते. प्लग काढून, यंत्र फिरवून पाहिले तेव्हा वायरीतील तांब्याचा केसाएवढा एक धागा लाल जोडणीवरून काळ्या जोडणीला टेकलेला दिसला. सर्व धागे पिळून घट्ट बसवले आणि तो दोषही गेला. भाऊबीज आटोपून नातू पुण्याला परतला.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. गाणी दणदणीत ऐकू येत, पावसाच्या दृश्यात खोलीत पाऊस पडल्याचा भास होई, पण माणसांचे बोलणे मात्र दुरून, भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटे. तरुण मंडळी पुसट शब्द आणि चित्र यांवरून अर्थ लावत. आजींना ते जमेना. "काय म्हणाला तो?" असे त्या विचारत. पहिल्या दिवशी सर्वांनी सांगितले, चौथ्या दिवशी कोणीतरी हसले आणि आठव्या दिवशी आबाजीच म्हणाले, "आता तुझे कान थकले."

"गाडी फलाटावर आलेली मला तुमच्या आधी कळते," आजी एवढेच बोलल्या. त्या पुरावा देत होत्या, पण त्यांचा जबाब कोणी नोंदवून घेतला नाही. हळूहळू त्या विचारीनाशा झाल्या. मग प्रवचन सुरू असताना मध्येच उठून स्वयंपाकघरात जाऊ लागल्या. खिडकीजवळची खुर्ची रिकामी राहू लागली. वाशिमला जाऊन कानाचे यंत्र आणावे, असे त्यांच्या मागे ठरलेही.

तीन आठवड्यांनी एका दुपारी सुनेच्या हातून रिमोटचे भलतेच बटण दाबले गेले आणि रिसीव्हर 'स्टिरिओ'वर गेला. आतून आजींचा आवाज आला, "अगं, आज महाराजांचा शब्द न् शब्द कळतोय!"

आबाजी वर्तमानपत्र बाजूला ठेवून ताठ बसले. बटण बदलल्याने माणसाचे कान बदलत नाहीत. म्हणजे फरक आजींच्या खात्यात नव्हता. त्यांनी पुन्हा जुने बटण दाबायला लावले, तसे शब्द पुन्हा पुसट झाले.

फोनवर नातवाने कारण उलगडले. पाच स्पीकरांच्या मांडणीत बोलण्याचा बहुतेक भार टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरवर असतो. प्रवचनासारखा साधा, दोन बाजूंचा आवाज असला तरी रिसीव्हर त्यातील दोन्हीकडे समान असलेला भाग, म्हणजे बोलणाऱ्याचा स्वर, वेगळा काढून मध्यभागी पाठवतो. 'स्टिरिओ'वर मात्र सर्व काही डाव्या-उजव्या स्पीकरमधूनच येते. मग त्याने चाचणीचा सूर लावायला सांगितला. त्यात प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीने 'सूंऽऽ' असा आवाज येतो. डावा बोलला. मधल्याची पाळी आली आणि खोली शांत झाली. उजवा बोलला. मागचे दोघे बोलले. हजेरीत कोण गैरहजर आहे, ते अर्ध्या मिनिटात कळले.

प्लग काढून मुलाने मधल्या स्पीकरची वायर सोडवली. दिवाळीच्या घाईत तिचे प्लॅस्टिक पुरेसे सोललेच गेले नव्हते. स्क्रूने तांब्याऐवजी वरचे आवरण आवळले होते. बाहेरून जोड भक्कम, आत प्रवाह नाही. बोटाच्या पेराएवढे आवरण सोलून तार बसवताच मधला स्पीकर बोलू लागला.

तरीही ढोलकीची थाप पोकळ वाटत होती. हिशेबात फरक निम्मा करून पाहिला आणि नेमकी तेवढी रक्कम वहीत सापडली, तर नोंद उलट्या बाजूला गेली असावी, हा जुना ठोकताळा आबाजींना आठवला. स्पीकरचेही तसेच असते. लाल-काळ्या तारांची अदलाबदल झाली तर एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि जड स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. यंत्र बंद ठेवून, समोरच्या दोन स्पीकरांच्या तारा रिसीव्हरपासून सोडवून, आबाजींनी बॅटरीतला दीड व्होल्टचा सेल क्षणभर त्या तारांना टेकवला. सेलचा अधिक ध्रुव लाल जोडणीच्या तारेला लावताच उजव्या स्पीकरचा पडदा बाहेर सरकला. डाव्याचा आत गेला. जमेची रक्कम नावे पडली होती. ती दुरुस्त झाली.

आजींचे कानही नंतर वाशिमला तपासले गेले. वयोमानाने उंच पट्टीचे स्वर थोडे मंदावले होते. 'स', 'श', 'त', 'क' यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत ओळखू येतात, म्हणून वयस्कांना आवाज कळतो, पण शब्द निसटतो. त्यासाठी नातवाच्या सांगण्यावरून मधल्या स्पीकरची पातळी तीन डेसिबलने वाढवली आणि मोठ्या व लहान आवाजांतील अंतर कमी करणारी रात्रीची सेटिंग सुरू केली. एवढ्यावर काम भागले.

त्या संध्याकाळी दुकानाचा रोजमेळ लिहून आबाजी घरात आले. आजी आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. प्रवचन नुकतेच सुरू झाले होते. आबाजी काही वेळ उभेच राहिले आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "तीन आठवडे चूक वायरीची होती, आणि मी ती तुझ्या नावे लिहीत राहिलो."

आजींनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "अहो, बसा आता," त्या म्हणाल्या, "आणि जरा ऐकू द्या."